दुधाच्या दाढेनं धरलेली जागा

"दुधाचीच दाढ ना, आज ना उद्या पडणारच होती," असं बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या मराठी घरांतून सर्रास ऐकू येतं. पुढच्या दाताबाबत हे बहुतांशी चालून जातं. दाढेबाबत मात्र नाही.

दुधाच्या आठ दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्यांच्याखाली हाडात कायमच्या उपदाढा तयार होत असतात आणि वर येताना त्या दुधाच्या दाढांची मुळं झिजवतात. म्हणून वेळेवर पडलेल्या दाढेला मूळ जवळपास नसतंच. सहाव्या वर्षी किडीमुळे काढलेली दाढ हातात घेऊन पाहा: फाकलेली, लांब मुळं शाबूत दिसतील. खालची उपदाढ यायला अजून चार-पाच वर्षं आहेत, याचीच ती खूण.

नेमकी सहाव्या वर्षीच मागून पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, त्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. तिचा ओढा पुढे सरकण्याकडे असतो आणि दुधाची दाढ तिला अडवून धरते. एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल कोणी उचलला की जागा जाते, तसंच इथे होतं. पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात झपाट्यानं. मग उपदाढ हाडातच अडकते किंवा वाकडी बाहेर येते.

म्हणून शक्य असेल तोवर दाढ वाचवावी. नस अर्धी काढून वर स्टीलची कॅप बसवलेली दुधाची दाढ कुठल्याही तारेपेक्षा जागा चांगली राखते. पोराच्या रडण्याला घाबरून "काढूनच टाका" म्हणण्याची घाई मला फार महागडी वाटते. काढावीच लागली, तर एक्स-रे पाहून डॉक्टर स्पेस मेंटेनर बसवतात. शेजारच्या दाढेला पट्टी आणि पुढे तारेची कडी, एवढाच तो असतो. तो दात सरकवत नाही, मोकळी जागा राखतो. उपदाढ डोकावली की काढून टाकतात. तोवर उत्तरायणाच्या चिक्कीला फाटा द्यावा, नाहीतर पट्टी सुटते.

1906 साली महाराजा सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानभर शिक्षण सक्तीचं केलं, ते सातव्या वर्षापासून. दातांच्या ठेवणीची पहिली तपासणीही सातव्या वर्षापर्यंत व्हावी, असं ऑर्थोडॉन्टिस्ट सांगतात. त्या वयात थोडी पुढे आलेली दाढ बऱ्याचदा मागे नेता येते. पुढे मात्र जागा करायला कधी कधी चांगला, कायमचा दात काढावा लागतो.