उतारशाळेचा रखवालदार

मराठीत शेजारधर्म असा एक शब्द आहे. धर्म हा शब्द आपण एरवी राजधर्म, क्षात्रधर्म, मानवधर्म असल्या भारदस्त ठिकाणी वापरतो. पण विरजणासाठी आलेली वाटी भरून परत पाठवणे, लग्नघरी आपली सतरंजी न मागता नेऊन टाकणे, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणे, ह्या गोष्टींनाही भाषेने धर्माच्याच पंक्तीला बसवले आहे. हा शब्द मला फार आवडतो, आणि त्याच्याविषयी माझी एक तक्रारही आहे. शेजारधर्म पाळायचा तो शेजाऱ्याशी. आणि शेजारी कोण, हे आमच्या मराठवाड्यातल्या गावांत माणसाच्या जन्माआधीच ठरलेले असे. गढी, तिच्या आसपास मोठे वाडे, मग एकेका जातीची गल्ली, आणि अगदी कडेला, ज्यांना बाहेर ठेवायचे त्यांची वस्ती. ज्याच्या भिंतीला आपली भिंत लागून, तो शेजारी. कोणाची भिंत कोणाला लागावी, हे मात्र गावाने आधीच पाहून ठेवलेले.

बायबल मराठीत आणणाऱ्यांनी नेमका हाच शब्द उचलला. जशी स्वतःवर तशीच प्रीती शेजाऱ्यावर करावी, ही आज्ञा मी रविवारच्या शाळेत पाठ केली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पलीकडच्या घरातली माणसे आली, आणि खरे सांगायचे तर ती काही प्रीती करण्याजोगी नव्हती. आमच्या दारात राख टाकत. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की हा घोटाळा माझ्याच डोक्यातला नव्हे, फार जुना आहे. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो की माझा शेजारी कोण? त्याला व्याख्या हवी आहे; म्हणजे हद्द कुठे संपते ते कळेल आणि हद्दीपलीकडच्या माणसांची काळजी उरणार नाही. त्यावर येशूने व्याख्या न देता गोष्ट सांगितली. यरुशलेमेहून यरीहोला जाणारा एक वाटसरू लुटला गेला, अर्धमेला होऊन पडला. याजक आला नि बाजूने निघून गेला, लेवी आला नि तोही गेला. मग आला तो शोमरोनी, यहूदी ज्याच्या ताटाला ताट लावत नसत असा. त्याने जखमांवर तेल नि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेले.

इथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. परोपकारी माणसाला जगभर ज्याचे नाव देतात तो हा शोमरोनी. पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी शोमरोनी निघून जातो. जाताना तो उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर दोन नाणी ठेवतो, ह्याची काळजी घे म्हणतो, आणि जास्त खर्च आला तर परतीच्या वेळी फेडीन असे सांगतो. रखवालदार काय म्हणाला, ते लूकने लिहिलेले नाही. तो बहुधा काहीच म्हणाला नसेल. मला मात्र अनेक वर्षे ह्या माणसाने पछाडले आहे. जखमी माणूस तिसऱ्या दिवशी तापाने फणफणला असेल, चौथ्या दिवशी कण्हला असेल, पाचव्या दिवशी कुरकुरला असेल. आणि ह्या सगळ्याला जो तोंड देत होता त्याच्या नावाने एकही प्रवचन मी ऐकलेले नाही.

किल्लारीने हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकातून बाहेर काढला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे जे झाले ते ह्या भागातल्या कोणाला सांगायला नको. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकते अंथरुणाला टेकले होते. मातीत बसवलेल्या दगडांच्या हात-हात, दोन-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचे जडशीळ माळवद. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या ऊन अडवले त्यांनीच माणसे पुरली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार जीव गेले. सकाळ उजाडेपर्यंत गल्ल्या उरल्याच नव्हत्या. आणि गल्ली नाही म्हटल्यावर शेजारी कोण हेही कोणाला विचारता येईना. जो हाक ऐकेल तो शेजारी झाला.

माझी मावशी सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. ती त्या ऑक्टोबरात किल्लारीला होती. त्या दिवसांविषयी ती फार कमी बोलते. एकदा मात्र म्हणाली, ''तिथं सगळेच चांगले होते रे. वाईट वागायला सवडच नव्हती कुणाला.'' हे वाक्य मी विसरलेलो नाही. देशातून, परदेशातून माणसे आली, धान्य आले, कांबळी आली, कपड्यांचे डोंगर झाले. त्यांत ख्रिस्ती होते, तसेच हिंदू होते, मुसलमान होते, शीख होते, काहीच न मानणारेही होते. त्या सर्वांविषयी माझ्या मनात आदर आहे. पण शोमरोन्याप्रमाणेच बहुतेकांना दुसऱ्या दिवशी निघायचे होते, आणि त्यात गैर काही नाही. त्याला यरीहोला काम असेल.

रखवालदाराचे काम ज्यांनी केले ते थोडे. पुण्याच्या शांतिलाल मुथांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. मुलगा उचलून गाडीत बसवणे हे एका दिवसाचे काम. त्याला दहावीपर्यंत पोचवणे हे रोजच्या आमटीभाताचे आणि रोजच्या हट्टांचे काम. हे उदाहरण ख्रिस्ती नाही, हे मला ठाऊक आहे. गोष्टीतला शोमरोनीही ख्रिस्ती नव्हता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. रखवालदाराने पैसे घेतले होते. मग त्याच्या सेवेला प्रीती कसे म्हणावे? आणि मुळात, आज्ञा झाली म्हणून, ठरवून, हिशेब ठेवून केलेली प्रीती ही प्रीतीच का? कांटने १७८५ मध्ये ह्याचे उत्तर दिले ते असे की भावनेची प्रीती हुकमाने उत्पन्न होत नाही, पण कृतीची प्रीती होते, आणि आज्ञा आहे ती दुसरीची. उत्तर बरोबर आहे. पण ते वाचून हात गार पडतात. डेन्मार्कच्या किर्केगार्दने १८४७ मध्ये ह्याच आज्ञेवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे मला अधिक जवळचे वाटते: आवडीची प्रीती निवड करते, म्हणून ती केव्हाही बदलू शकते; कर्तव्य झालेली प्रीतीच तेवढी बदलापासून सुरक्षित असते. पण किर्केगार्द अविवाहित होता, आणि शेजाऱ्याशी एका नळावर भांडण्याचा प्रसंग त्याला फारसा आला नसावा. त्यासाठी मी आपल्या मराठी घराकडे वळतो.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला, आणि काही वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाला काढली. पुढे दोघे पुन्हा जवळ आली तेव्हाही बाईंचे सोवळे बाईंजवळ होते, चूल वेगळी होती. टिळकांनी ते चालू दिले. ज्या माणसाने स्वतःचा धर्म सोडण्यासाठी जग अंगावर घेतले, त्याने बायकोच्या ओवळ्या-सोवळ्याची सोय लावून द्यावी, ह्यात मला त्यांच्या साऱ्या कवितेइतकीच मोठी ख्रिस्तनिष्ठा दिसते. जातिभेद देवाने केलेला नाही, हे बाईंना पुढे स्वतःच्या विचाराने पटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण 'स्मृतिचित्रे' वाचताना माझे लक्ष दुसरीकडेच जाते. टिळक जातिवंत शोमरोनी होते. हातात पैसा आला की वाटेत भेटेल त्याला देऊन मोकळे होत. दुष्काळातली, आईबापांवेगळी मुले घरी घेऊन येत. त्या मुलांना न्हाऊमाखू कोण घालणार, उद्याचे पीठ कुठून येणार, हे प्रश्न त्यांना पडत नसत. ते लक्ष्मीबाईंना पडत. म्हणजे त्या घरात शोमरोनी एक होता आणि रखवालदारीण एक होती, आणि जाताना हातावर ठेवायची दोन नाणीही शोमरोन्याने आधीच कोणाला तरी देऊन टाकलेली असत! बाई हे सांगताना हसतात आणि आपल्याला हसवतात. त्या हसण्याखाली किती कष्ट आहेत ते सावकाश ध्यानात येते. टिळकांना आपण संतपदाला बसवले. ते योग्यच आहे. पण प्रीती दिवसेंदिवस टिकते कशी, हे शिकायचे असेल तर मी लक्ष्मीबाईंकडे जाईन.

पैशाची गोष्ट मात्र एकेरी नाही. ह्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. पगारी धर्मसेवक आणि त्याचे देशबांधव ह्यांच्यामध्ये पगार उभा राहतो, तो बोलतो ते धन्याचे बोलतो असा संशय येतो, हे त्यांनी ओळखले. उलट पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तीच्या मुलींना छापखान्यात, मागावर, शेतात कामाला लावले. कारण नुसते घेत राहिलेल्या माणसाची मान हळूहळू खाली जाते. एकाने पैसा बाजूला सारला, दुसरीने तो मिळवायला शिकवले. मला ह्यांत विरोध दिसत नाही. दोघांनीही समोरच्या माणसाची मान ताठ राहते की नाही, एवढेच पाहिले.

हे मी नीट समजलो ते २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होतील म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' नावाची आगगाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, आणि शहर स्टेशनावर तिला पाहायला लोटले. भूकंप एका पहाटेत होतो. पाणीटंचाई महिनोन् महिने चालते. भिंत पडत नाही, स्वयंसेवक येत नाहीत, आणि वाईट वागायला भरपूर सवड असते.

निवृत्त झालेल्या मावशीच्या अंगणातल्या बोअरला तेव्हा थोडे पाणी होते. शेजारच्या घराची बोअर आटली. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींनी वीस वर्षांत मावशीकडे पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. बोलणे गोड, पण पेला कधी तोंडाला लावला नाही. मावशीने त्यांच्या सुनेला निरोप दिला: रोज सकाळी सहा घागरी, जास्त नाही. कालनिर्णयाच्या चौकटीत ती रोज सहा रेघा मारी. महिन्याच्या शेवटी सूनबाई विजेच्या बिलाचा वाटा घेऊन आल्या, आणि मावशीने तो मोजून घेतला.

मी रागावलो. ''मावशी, पाण्याचे पैसे घेतेस? तू रोज प्रार्थना करतेस ना?''

''पाण्याचे कुठं? लाइटीचे,'' ती म्हणाली. ''अन् पैसे नाही घेतले तर उद्या तिची सासू तिला येऊ देईल का? फुकटचं पाणी माझं राहतं. पैसे दिले की तिचं होतं.''

''आणि सहाच का?''

''सात दिल्या तर चार दिवसांनी बोअर बंद पडंल. मग त्यांनाबी नाही अन् मलाबी नाही.''

आजी मावशीच्या घरी पाणी अजूनही पीत नाहीत. मावशीला त्याचे काहीच वाटत नाही, असे मी म्हणणार नाही. तिला वाटते, ते तिच्या तोंडावर दिसते. पण सहा घागरींच्या बदल्यात पेला तोंडाला लागावा, अशी अटही तिने मनात ठेवली नव्हती. ख्रिस्ती माणसाच्या चांगुलपणामागे काही हेतू असणार, हा आपल्या समाजातला जुना संशय आहे. १८९३ साली रमाबाईंच्या शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या त्या ह्याच संशयाने. हा संशय वादाने फिटेल असे मला वाटत नाही. कालनिर्णयावरच्या रेघांनी फिटला तर थोडाफार फिटेल, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या घरी.

किल्लारीसह ५२ गावे भूकंपानंतर नव्या जागी वसली. घरे सरकारने जमिनीच्या मापाने दिली: भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून मोठ्याला ७५०. आखलेले चौक, रुंद रस्ते, सुटी सुटी घरे. जातीच्या गल्ल्या ह्या आखणीत विरून जातील असे कोणाला वाटले असेल, तर तसे सरसकट झाले नाही. पुष्कळ ठिकाणी भावकी पाहून, जात पाहून लोकांनी आपापले पुंजके पुन्हा जमवले. घाबरलेल्या माणसाने ओळखीच्या माणसांजवळ राहायला मागावे, ह्यासाठी त्याला दोष देववत नाही. एक गोष्ट मात्र बदलली. जुन्या किल्लारीत दोन घरांना मिळून एक भिंत असे. पलीकडे मूल रडले तर अलीकडे कळे. आता दोन घरांमध्ये मोकळी जागा आहे, कुठे तिच्यात कुंपण आहे. पलीकडे काय चालले आहे हे कळायचे तर उठून जावे लागते.