पाय कधी टेकावा

बसायला जागा बघा. खुर्ची चालेल, सतरंजी चालेल. तळपाय जमिनीला लागू द्या आणि तळव्याखालची जमीन थोडा वेळ नुसती जाणवू द्या. दिवसभर आपण तिच्यावर भार टाकत असतो आणि त्याचा हिशेब कुणी मागत नाही. आज अशा एका खेळाचं मनन करायचं आहे, ज्यात हा हिशेब मागितला जातो.

खेळाचं नाव मोटरसायकल ट्रायल्स. ही शर्यत नाही. खडक, चढ, ओढा, झाडांची मुळं यांतून एक छोटा टप्पा आखलेला असतो, दोन्ही बाजूंना पट्ट्या बांधलेल्या असतात आणि कडेला एक निरीक्षक उभा असतो. गाडी पाय न टेकता पलीकडे न्यायची. एकदा पाय टेकला तर दंडाचा एक गुण, दोनदा टेकला तर दोन. तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तरी तीनच. पडलात किंवा पट्टीबाहेर गेलात तर पाच. दिवसाच्या शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकतो. वेळेची मर्यादा असते, पण घाईला बक्षीस नसतं.

एक, दोन, तीन, पाच. हे आकडे मनात राहू द्या. त्यांच्यात चार नाही, याचीही नोंद घ्या.

आता कल्याणजवळच्या मोहन्याला चला. कसारा मार्गावर शहाड सोडलं की टिटवाळ्याच्या अलीकडे आंबिवली स्टेशन येतं, तिथे उतरा. ज्या एनआरसीच्या आधाराने ही वस्ती वाढली, तो रेयॉनचा कारखाना २००९ पासून बंद आहे. तिथून नदीकडे वळा. लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास कर्जत, बदलापूर करत इथपर्यंत येते. मोहन्याच्या बंधाऱ्याजवळून उचललेलं पाणी कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जातं. त्या पाण्यात कधी जलपर्णी माजते, कधी पावसाळ्यात ते बंधाऱ्यावरून गढूळ होऊन उड्या घेतं. आपल्याला या पाण्यात गाडी घालायची नाही, कल्पनेतही नाही. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात इंजिनाचं तेल मिसळावं असा कुठलाच खेळ नसतो. काठापासून दूर, कुणाच्या तरी परवानगीच्या जागेत काळा दगड पडलेला आहे असं समजा. सह्याद्रीचाच बेसॉल्ट. कोरडा असला की टायरला घट्ट धरतो, आणि पावसाळ्यात शेवाळ चढलं की त्याच्यावर पायही ठरत नाही.

त्या दगडासमोर थांबा. गाडी अजून आणायची नाही.

तुमच्याकडे दुचाकीचं लायसन्स असेल, तर हा खेळ तुम्ही एकदा खेळलेला आहे. आरटीओच्या मैदानात जमिनीवर आठचा आकडा आखलेला असतो. पहिल्या गियरमध्ये, क्लच अर्धा दाबून, पाय न टेकता तो आठ काढायचा. बाजूला अधिकारी वही घेऊन उभा, मागे रांग. मोहन्याची गाडी असेल तर तिच्या पाटीवर एमएच-०५ असतं आणि तिच्या मालकाने हा आठ बहुधा कल्याणच्या आरटीओत काढलेला असतो. केंद्राच्या नियमांत २०१६ च्या अखेरीस ठरलेले दर आठवा: एका वर्गाच्या शिकाऊ लायसन्सचे १५० रुपये, त्याच्या परीक्षेचे ५०, वाहन चाचणीचे ३०० आणि पक्क्या लायसन्सचे २००. एकूण ७०० रुपये. पाय न टेकता एक आठ काढून दाखवण्याचा हा सरकारी खर्च. नापास झालात तर चाचणीचे पैसे पुन्हा भरायचे. त्या दिवशी तुमचा श्वास कुठे अडकला होता? छातीत, की मनगटात? आठवत असेल तर तिथे थोडं थांबा.

स्पर्धेत उतरायचं तर वेगळं लायसन्स लागतं. मोटारखेळांसाठी चेन्नईच्या एफएमएससीआय या संघटनेचं लायसन्स असतं, मोटरसायकलींच्या एफआयएम या जागतिक संघटनेशी ती जोडलेली आहे. डॉक्टरचा दाखला, अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती आणि प्रत्येक स्पर्धेची प्रवेश फी वेगळी. आपल्याकडे सुपरक्रॉस, रॅली, ड्रॅग यांची नावं ऐकू येतात. नवी मुंबईच्या चिखलात पावसाळी स्कूटर रॅलीही भरत आली आहे. ट्रायल्सचं नाव मात्र क्वचितच कानावर पडतं. म्हणून मोहन्याच्या हौशी माणसाला पहिला खर्च लायसन्सचा येत नाही. तो हेल्मेटचा, घोट्याच्या वर जाणाऱ्या जाड बुटांचा, गुडघ्याच्या पॅडचा आणि पेट्रोलचा येतो.

एक कागद अजून काढा, गाडीच्या विम्याचा. वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात ती जागा सहसा कुणी वाचत नाही. शर्यती आणि वेगाच्या चाचण्या यांच्याबरोबर तिथे गाडीचा टिकाऊपणा तपासणाऱ्या चाचण्याही वगळलेल्या असतात, इंग्रजीत ‘रिलायबिलिटी ट्रायल्स’. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा खेळ ब्रिटनमध्ये त्यांच्यातूनच उगवला: वाईट रस्त्यावर कुणाची गाडी टिकते ते बघू. स्कॉटलंडमधल्या सहा दिवसांच्या ट्रायलची परंपरा १९०९ पर्यंत मागे जाते. तुमच्या कपाटातल्या कागदावर त्या जुन्या खेळाचं नाव आहे, वगळलेलं का होईना. म्हणजे गाडी अशा कामाला लावताना मोडतोड झाली तर ती आपल्या खिशातून. हे आधी कळलेलं बरं. ज्याची किंमत आधी माहीत असते, त्याची भीती मोजता येते.

आता गाडी आणा. कल्पनेत हाताशी असेल तीच. ट्रायल्ससाठी बनवलेली गाडी साधारण सत्तर किलोची असते आणि तिला बसण्यासारखी सीटच नसते, कारण चालवणारा उभाच असतो. आपल्या दारात उभी आहे ती एकशेदहा किलोच्या आसपासची स्प्लेंडर किंवा एकशेनव्वदच्या आसपासची बुलेट. बुलेटला कमी लेखू नका. तिच्या मागच्या चाकाची स्प्रिंगवाली मांडणी १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या कोलमोर ट्रायलमध्येच लोकांसमोर आली. जॉनी ब्रिटन याने १९५२ मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये रॉयल एनफील्डवर ती स्कॉटिश ट्रायल जिंकली. मधल्या काळात बुलेट मद्रासला तयार होऊ लागली. तिच्या त्या जुन्या रूपाची आठवण म्हणून २०१९ मध्ये कंपनीने भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ काढली आणि थोड्याच काळात बंदही केली.

गाडीभोवती सावकाश फिरा आणि खालून वर एकेका गोष्टीला हात लावा.

टायर. ट्रायल्सच्या गाडीच्या मागच्या चाकात चार-पाच पीएसआय हवा असते, आपल्या रस्त्यावरच्या गाडीत तीसच्या आसपास. कमी हवेचा टायर दगडावर पसरतो, दगडाचा आकार घेतो आणि त्याला धरतो. पण आपल्या गाडीत ट्यूब असेल तर एवढी हवा उतरवायची नाही. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. थोडीच उतरवा, आणि रस्त्यावर येण्याआधी पुन्हा भरा.

स्प्रॉकेट. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला की पहिल्या गियरमध्ये गाडी आणखी हळू, आणखी दमदार चालते. वरचा वेग तेवढा जातो. एखादी गोष्ट मिळवायची तर दुसरी कुठून तरी द्यावी लागते, हे गॅरेजमध्ये मेस्त्री तुम्हाला एका वाक्यात सांगेल.

क्लच. केबलची ढील अशी ठेवा की एका बोटाने लिव्हर ओढता येईल. उभं राहिल्यावर मनगट सरळ राहील इतके दोन्ही लिव्हर किंचित खाली फिरवा. आयडलिंग असं लावा की रेस न देताही इंजिन बंद पडणार नाही.

इथे थांबा. याहून मोठ्या फेरफारांचा मोह होईल. नोंदणीच्या कागदांशी न जुळणारे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे, आणि खरं तर गरजही नाही. हवा, लिव्हर, केबल, आयडलिंग. एवढ्यावर कितीतरी महिने शिकता येतं.

गाडी लावली. आता ती तिथेच ठेवा आणि टप्पा पायी चाला.

ट्रायल्समधले उत्तम स्वारही गाडीवर बसण्याआधी टप्पा चालून बघतात. हात मागे बांधून, मान खाली घालून. पुढचं चाक कुठे जाईल, मागचं कुठून येईल, कारण वळणावर मागचं चाक पुढच्याच्या वाटेने येत नाही, आतून येतं. कुठला दगड हलतो, कुठे ओल आहे, कुठे रेस द्यायची, कुठे नुसतं वाहू द्यायचं. तुमच्या समोरचा टप्पाही असा चाला, मोहन्यातला दगडांचा नाही, सध्या तुम्ही ज्यातून जात आहात तो. घरातलं आजारपण असेल, नोकरीतला बदल असेल, मुलांच्या शिक्षणाचं वर्ष असेल. त्यातला हलणारा दगड कुठला? त्याचं नाव मनात घ्या. दुसरे दगड मोजू नका, एकच.

आता चढा. फूटरेस्टवर उभे राहा. गुडघे किंचित वाकलेले, नजर पुढच्या चाकापाशी नको, जिथे जायचं आहे तिथे. क्लच सोडा, पुरता नाही.

गाडी वेगात असते तेव्हा फिरत्या चाकांमुळे आणि पुढच्या चाकाच्या मांडणीमुळे ती बरीचशी आपली आपण सावरत राहते. आपल्याला वाटतं, तोल आपला आहे. वेग माणसाच्या चालीइतका खाली आला की ही मदत जवळजवळ संपते. गाडी डावीकडे कलली की हँडलही डावीकडे न्यावं लागतं, पडणाऱ्या बाजूलाच, म्हणजे चाकं पुन्हा भाराखाली येतात. मन उलट बाजूला ओढत असतं. शहाडच्या रस्त्यावर रिक्षांच्या मधून गाडी मुंगीच्या पावलाने जाते तेव्हा प्रत्येक स्वार हेच करत असतो, फक्त तिथे कुणी गुण लिहीत नाही.

आणि आता पाय शिवशिवतो.

इथे सर्वांत जास्त वेळ थांबू या. नवखा स्वार दगड दिसला की पाय बाहेर काढतो. अजून टेकलेला नसतो, नुसता लोंबकळत असतो. आधार मिळावा म्हणून काढलेला हा पायच तोल घालवतो, कारण फूटरेस्टवरचा त्या बाजूचा भार निघून गेलेला असतो. हा भीतीचा पाय. गरज पडण्याआधीच आला आणि गरज घेऊन आला.

दुसरा स्वार नेमका याच्या उलट. त्याने ठरवलेलं असतं, पाय टेकणारच नाही. गाडी कलते, आणखी कलते, अजूनही एक पाय टेकून सावरता आली असती. तो टेकत नाही. गाडी आडवी होते. एक वाचवायला गेला आणि पाच लागले. शून्य हे ध्येय चांगलं आहे, पण ज्याला शून्याशिवाय दुसरा आकडा सोसत नाही, तो हमखास पाचावर जातो.

तिसरा पाय मुरलेल्या स्वाराचा. स्पेनचा टोनी बोऊ २००७ ते २०२४ दर वर्षी जगज्जेता झाला. त्याच्या गुणांच्या कार्डावरही दंडाचे गुण लागत आलेले आहेत. अशा स्वाराचा पाय फूटरेस्टवरच असतो. गाडी कलंडणार हे नक्की झालं की त्या क्षणी तो एकदा ठामपणे टेकतो, ढकलतो आणि परत आपल्या जागी जातो. एक गुण लागला. त्याने तो स्वतः निवडून दिला. त्याची नजर मात्र पुढच्या दगडावरून हललेली नसते.

आता आपल्या हलणाऱ्या दगडाकडे या. तिथे तुमचा पाय यांतला कुठला आहे? अजून काही झालेलंच नाही आणि तुम्ही आधार शोधत फिरता आहात का? की कुणाकडे तरी शब्द टाकायला हवा, चार दिवस रजा घ्यायला हवी, डॉक्टरकडे जायला हवं, आणि ते एका गुणाचं काम तुम्ही पाचावर जाईपर्यंत लांबवता आहात? उत्तर लगेच देऊ नका. श्वास दोनदा आत-बाहेर होऊ द्या. मग जे पहिलं मनात येईल ते ऐका.

आता त्या आकड्यांकडे पुन्हा बघा. एक, दोन, तीन, मग थेट पाच. तीनदा टेकून धडपडत पार झालेला माणूस पडलेल्यापेक्षा चांगल्या गुणांवर राहतो. ज्यांनी हे मोजमाप ठरवलं त्यांनी टेकण्याला दंड ठेवला, पण पार होण्याचा मान राखला. आपण स्वतःला मोजतो तेव्हा बहुतेक वेळा दोनच आकडे ठेवतो, शून्य आणि पाच. मधले तीन आकडे आपल्या वहीत लिहायला शिकणं, एवढाच आजच्या मननाचा विषय.

करून बघायचं असेल तर जागा मोठी लागत नाही. मोकळं मैदान, जागामालकाची परवानगी, डोक्यावर हेल्मेट, सोबतीला एक माणूस. खडूच्या दोन रेघा, मध्ये गाडीपुरती वाट, एक-दोन वळणं. आधी चालून बघा, मग पहिल्या गियरमध्ये पाय न टेकता जा. टेकला की मोठ्याने म्हणा, एक. सोबतच्याला दिसला नसला तरी म्हणा. लपवलेला गुण पुढच्या वळणावर मनात खुपत राहतो आणि नजर खाली ओढतो. बोललेला गुण तिथेच संपतो. रेघा ओलांडून बाहेर आलात की आकडा लिहा, गाडी वळवा आणि पुढची खेप घ्या.