परमुलखातील सोबत



प्रवासाहून परतलेला मनुष्य बहुधा दोनच गोष्टी सांगतो. एक, 'पायाला भिंगरी लागली होती, एका जागी टेकलो म्हणून नाही.' आणि दुसरी, 'पण योग मोठे छान आले!' दार लागता लागता दर्शन घडले, सुटता सुटता गाडी मिळाली, परमुलखात आपल्या बोलीचा माणूस भेटला. या सगळ्याला आपण योग म्हणतो. हा शब्द 'युज्' धातूपासून झाला. युज् म्हणजे जोडणे. आणि जोडायचे म्हटले की दोघे आले. एकट्याचा योग होत नाही.

दर्यापुरी एका सप्ताहात एका वृद्ध माळकऱ्याने आम्हांस विचारले, "महाराज, आमी चौघं सोबती परदेशात जाऊन रायलो. दहा दिवसांत सारं पाहाचं हाय. नेम मोडंन का आमचा?" शेजारचा दुसरा म्हणाला, "अरे, चंद्रभागा तं आपल्या दर्यापुरातच हाय. देव सगळीकडं हाय, तं हिंडाचं कायले?" दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि दुसरा तर फार जुना आहे. प्रत्यक्ष नामदेवरायांपुढे तो उभा राहिला होता.

तीर्थावळीची कथा आपण सर्व जाणता. ज्ञानदेव पंढरीस आले आणि नामदेवरायांना म्हणाले, तुमच्या संगतीने तीर्थे करावी असे मनात आहे. नामदेवराय म्हणाले, माझे सर्व काही या विटेपाशी आहे, मी जाऊ कुठे? अखेर पांडुरंगानेच नामदेवांचा हात ज्ञानदेवांच्या हाती दिला. हे येथे ध्यानात ठेवावे. ज्ञानदेवांना तीर्थांची उणीव नव्हती. त्यांना हवी होती ती सोबत.

आणि वाटेत काय झाले? ज्यांनी शके 1212 मध्ये गीतेचा अर्थ मराठीत उघडा केला, ते ज्ञानदेव चालता चालता नामदेवांना विचारतात की भजन कसे करावे, भक्तीचे वर्म काय. नामदेव सांगतात, ज्ञानदेव ऐकतात. ज्ञानियांच्या राजाने श्रोता व्हावे, हा त्या प्रवासातला पहिला योग.

दुसरा योग मारवाडच्या वाळूतला. महिपतीबुवांनी 'भक्तविजया'तही ही कथा गायिली आहे. तहानेने जीव कासावीस, आणि विहीर खोल. ज्ञानदेव लघिमा सिद्धीने आत उतरले आणि पाणी प्याले. नामदेवांपाशी सिद्धी नव्हती. त्यांनी पांडुरंगाचा धावा केला आणि विहीर उचंबळून वर आली. एकाने आपली तहान भागविली, दुसऱ्याच्या धाव्याने वाटेवरच्या सर्वांचीच भागली. पण थोर कोण, हा वाद दोघांत झाला नाही. सोबत्याचे मोठेपण पाहून ज्याला आनंद होतो, त्याचाच प्रवास यात्रा होतो. बाकीच्यांची नुसती पायपीट.

यात्रा संपली, पंढरीस मावंदे झाले. आणि मग शके 1218, म्हणजे इसवी सन 1296 मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. हात धरणारा सोबती गेला. पहिल्या यात्रेत पंढरी सोडताना ज्यांचे डोळे भरून आले, तेच नामदेवराय पुढे परमुलखी निघाले आणि थेट पंजाबात घुमान येथे राहिले. तिथल्या लोकांना त्यांनी तिथल्याच वळणाच्या बोलीत नाम दिले. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. हे बळ कोठून आले? आमच्या मते ते पहिल्या वाटेवर मिळाले. विटेवरचा देव विहिरीतही आहे, हे सोबत्याच्या साक्षीने पाहिले होते; म्हणून सोबती गेल्यावरही देव परका झाला नाही.

आता भिंगरीविषयी. आपल्या शेजारच्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा जन्मभर फिरले आणि 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ वाटेतच त्यांनी देह ठेवला. त्यांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र खापर आणि खराटा घेऊन पुढे निघाले. तेव्हा फिरणे वाईट नव्हे. फिरण्याला धरून काय आहे, ते पाहावे. सप्ताहात पहारेकरी बदलतात, पण वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माणसे हलतात, नाम हलत नाही.

म्हणून त्या माळकरी बाबांना आम्ही म्हणालो, बाबा, खुशाल जा. दहा दिवसांत दहा गावे पाहा. परंतु सकाळी चौघांनी मिळून हरिपाठ म्हणा. एकाचे पाय दुखले, तर तिघांनी थांबा. एखादे ठिकाण राहिले तर राहू द्या. एकादशी आली तर फळावर भागवा. आणि वाटेत मनातले बोला, जे गावात चाळीस वर्षे बोलायचे राहून गेले. चौघांतला कोणी तरी आधी जाणार, हे आपण जाणताच. मागे राहील त्याला पाहिलेल्या इमारती सोबत करणार नाहीत. सोबत्याने म्हटलेला हरिपाठ सोबत करील.

तात्पर्य, परमुलखी देव नवा भेटत नाही. आपलाच देव सोबत्याच्या तोंडून नव्याने ऐकू येतो. हाच खरा योग. तो साधावा आणि सुखरूप घरी येऊन मावंदे करावे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!