कैवारी



पंचवटीसमोर, गोदावरीपलीकडच्या जुन्या नाशकात विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. त्यासाठी आलेल्या कलेक्टर जॅक्सनसाहेबांना अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या घातल्या. साहेब संस्कृतचे व्यासंगी होते.

त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या विनायक दामोदर सावरकरांवर पिस्तुले धाडल्याचा आरोप आला. मुंबईत १९१० साली खटला उभा राहिला, तेव्हा त्यांच्या वकिलांत जोसेफ बॅप्टिस्टा होते. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले ईस्ट इंडियन कॅथलिक, टिळकांचे सहकारी, लोकांचे ‘काका’. पाचवी आज्ञा लहानपणीच पाठ केलेल्या माणसाने हे वकीलपत्र घ्यावे का?

आयर्लंडमध्ये हा प्रश्न बॅरिस्टर आयझॅक बट यांच्यापुढे आला होता. प्रॉटेस्टंट पाळकाचा मुलगा, तरुणपणी कॅथलिक पुढारी ओकॉनेल यांचा विरोधक. तरी १८४८ च्या बंडखोरांची आणि पुढे १८६५ पासून फेनियन कैद्यांची बाजू त्यांनीच कोर्टात मांडली. शस्त्रांचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. पण या कैद्यांच्या सहवासाने त्यांचे राजकारण बदलले आणि १८७० साली त्यांनी होमरूलची चळवळ सुरू केली. तोच शब्द घेऊन १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली. तिचे पहिले अध्यक्ष काका बॅप्टिस्टा.

वकीलपत्र म्हणजे गुन्ह्याला संमती नव्हे, असे आपण सहज म्हणतो. जॅक्सनसाहेबांच्या घरच्यांना ते तितके सहज पटले असते असे मला वाटत नाही. त्यांचे दुःखही खरेच होते. तरीही योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू पवित्र आत्म्याला कैवारी म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, मदतीसाठी शेजारी बोलावलेला, कोर्टात बाजू घेणारा. आणि सैतान या हिब्रू शब्दाचा अर्थ आरोप करणारा! (सरकारी वकिलांनी राग मानू नये.) मात्र कैवाऱ्यालाही खोटे बोलायची सूट नाही, आठवी आज्ञा त्यालाही लागू आहे.

बॅप्टिस्टा खटला हरले. सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या.

अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव आपल्या देशात काही वकील संघांनी केले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ते बेकायदा ठरवले. पण वस्तीतल्या एखाद्या मुलाला पोलिसांनी नेले की रविवारी मिस्सेला त्याच्या आईशेजारची जागा रिकामी राहते. त्यासाठी कोणी ठराव करत नाही. अशा एका रविवारी मीही दुसऱ्याच बाकावर जाऊन बसलो होतो.