अजिंठ्याची वहिवाट

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात, डाव्या भिंतीशी, महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. उजव्या कुशीवर पहुडलेल्या तथागतांच्या मंचाखाली शिष्यवर्ग शोकाकुल होऊन बसला आहे, आणि त्याच लेण्याच्या दर्शनी भागावरील शिलालेखात भिक्षू बुद्धभद्राने, अश्मकराजाचा दिवंगत अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ हे काम करविताना, डोंगरातली कीर्ती चंद्रसूर्य असेतोवर टिकावी असा आशय कोरून ठेविला आहे. सर्व संस्कार अनित्य मानणाऱ्या पंथाच्या भिक्षूने चंद्रसूर्यांची मुदत मागावी, ही विसंगती मला तरी मोठी लोभस वाटते.

त्या मुदतीचा हिशेब आता प्रेक्षकांकडे आला आहे. फर्दापूरच्या तिठ्यावर खाजगी वाहने अडवून सरकारी बसगाड्या सोडणे, चित्रांवर मंद प्रकाश ठेवणे, जोडे बाहेर काढावयास लावणे, हा बंदोबस्त योग्यच आहे. कारण चिखल, भुसा व तंतू यांच्या गिलाव्यावरील रंगांना श्वासांतली आर्द्रतादेखील बाधते. जपणुकीचाही जाच होतो: निजाम सरकारने 1920 च्या सुमारास पाचारण केलेल्या इटालियन तज्ज्ञांनी दिलेला चपड्याचा लेप पुढे पिवळा पडून चित्रांवरच साय धरून बसला.

यावर कोणी म्हणेल, सारे नाशवंतच, तर मनसोक्त पाहू द्या. पण अनित्यता हा वस्तूंचा धर्म आहे, आपल्या हातचा परवाना नव्हे. दुसरा पक्ष फ्रान्समधील लास्कोच्या गुहेचा दाखला देईल, जी 1963 साली लोकांस बंद झाली. तथापि अजिंठ्याची लेणी हे विहार आणि चैत्य आहेत. स्तूपाभोवती प्रदक्षिणेची वाट मुद्दाम राखलेली आहे, आणि पावलांवाचून ती वाट निरर्थक ठरते.

पायथ्यापासून डोली निघते. वेळूंना बांधलेल्या खुर्चीत पांढऱ्या लुगड्यातील एखादी वृद्ध उपासिका बसलेली असते. चढणीवर पुढचे भोई दांडी खाली घेतात, मागचे खांद्यावर उचलून धरतात, तरी प्रत्येक पायरीचा हिसका तिच्या कमरेत बसतोच. हिचा हक्क धडधाकट हौशी प्रवाशाहून अधिक, असे माझे मत आहे. पण भाविक कोण आणि हौशी कोण, याचा निवाडा तिकीट खिडकीवरील कारकुनाकडे सोपविणे मला धोक्याचे वाटते. म्हणून चित्रलेण्यांत एका वेळी शिरणाऱ्यांची संख्या सर्वांसाठी सारखीच मर्यादित असावी, आणि डोली आली की रांगेने बाजूस सरून तिला आधी आत जाऊ द्यावे.