हळवे होण्याचा हक्क

2015 सालच्या दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट आला, तेव्हा माझी थोरली मुलगी सुट्टीला माहेरी, संग्रामपूरला आलेली होती. हट्ट तिनेच धरला. “अब्बा, पिच्चर देखने चलो. तुम्हारे रेडिओवाले गाने हैं उसमें.” कापूस घरात येऊन पडला होता, वेचणीच्या मजुरीचा हिशेब राहिला होता आणि साठीच्या माणसाने रात्रीच्या खेळाला जाणे आमच्या मोहल्ल्यात फारसे शोभत नाही. तरी निघालो. मगरिबची नमाज झाल्यावर भाड्याच्या जीपने वरवट बकाल, शेगाव करीत खामगाव गाठले.

‘रेडिओवाले गाने’ म्हणजे काय, ते सांगायला हवे. आमच्या अब्बांचा एक रेडिओ होता. तो बातम्यांसाठी आणि बाजारभावासाठी. पण बातम्यांनंतर आकाशवाणीवर नाट्यगीत लागले तर अब्बा रेडिओ बंद करीत नसत. फक्त आवाज कमी करीत. इतका कमी, की बाहेर ओट्यावर बसलेल्याला ऐकू जाऊ नये. मी कान लावून ऐकत असे. ‘कट्यार’ हे नाटक 1967 साली रंगभूमीवर आले. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे, म्हणजे वऱ्हाडातलेच. नाटक मी कधी पाहिले नाही. गाणी मात्र त्या दबलेल्या आवाजात पाठ झाली.

टॉकीजमध्ये बसायला जागा मिळाली ती अगदी पुढे. पडद्यावर सचिन पिळगावकर खाँसाहेब झाले होते, शंकर महादेवन पंडितजी. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. विश्रामपूर संस्थानच्या गायकीच्या मानासाठी दोन घराण्यांत चुरस लागते आणि पंडितजींचा आवाज शेंदूर घालून नासवला जातो. तो शेंदूर खाँसाहेबांच्या घरातून जातो. त्यांना ते ठाऊक नसते, पण घर त्यांचेच. त्या प्रसंगी टॉकीजभर एक चुकचुकाट उठला आणि मी सवयीने अंग चोरून बसलो. पडद्यावर एखाद्या मुसलमानाने पाप केले की टॉकीजमधल्या मुसलमानाचे अंग असे आपोआप आकसते. आपल्यापैकी अनेकांनी हे अनुभवले असेल.

पण ते फार टिकले नाही. गाणी सुरू होती. ओळखीचा सूर आला आणि मला अब्बांचा ओटा, रेडिओची पिवळी काच, सगळे दिसू लागले. मी रडलो. मुलीने पाहिले, काही बोलली नाही. परतताना शेगाव मागे टाकल्यावर जीपमध्ये तिने विचारले, “अब्बा, आप रोये क्यूं?”

मी म्हणालो, “जुने दिवस आठवले बेटा.”

ती म्हणाली, “मलापण आठवले.” हे ती मराठीत म्हणाली. घरात आम्ही आमची वऱ्हाडी ढंगाची उर्दू बोलतो. शाळेतली गोष्ट निघाली की ती मराठीवर येते.

तिला काय आठवले ते मला ताबडतोब कळले. ती आठवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक नाट्यगीत गाणार होती. गळा चांगला होता, बाईंनी महिनाभर तयारी करून घेतली होती. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी हेडमास्तरांना भेटलो आणि तिचे नाव काढायला लावले. घरी सांगितले, आपल्यात हे चालत नाही. ती रडली, जेवली नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. विषय संपला, असे मी अठरा-एकोणीस वर्षे समजत होतो.

आता प्रश्न असा की ज्याने आपल्या घरातले गाणे बंद केले, त्याला टॉकीजच्या अंधारात गाण्यासाठी हळवे होण्याचा हक्क आहे काय?

कुणी म्हणेल, हा मजहबचा प्रश्न आहे. मी तेही तपासून पाहिले. संगीताबद्दल आपल्या उलेमांत मतभेद आहेत, शेकडो वर्षांपासून आहेत. हजरत आयेशांच्या घरी ईदच्या दिवशी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्र यांनी त्यांना हटकले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना गाऊ द्यायला सांगितले, ही हदीस सर्वांना माहीत आहे. त्याच हदीसचा अर्थ कुणी मोकळा लावतो, कुणी त्या एका दिवसापुरता. जो संगीत खरोखरच नाजायज मानतो आणि तसेच जगतो, त्याच्याशी माझा वाद नाही. तो टॉकीजमध्ये जात नाही आणि तिथे रडतही नाही. त्याचा हिशेब सरळ आहे. माझा नव्हता. मी मुलीचे नाव काढले ते अल्लाहच्या भीतीने नाही, ओट्यावर बसणाऱ्या चारचौघांच्या भीतीने. उद्या सोयरीक जुळवताना कुणी म्हणेल, पोरगी स्टेजवर गाते. अब्बांनी रेडिओचा आवाज कमी केला, मी मुलीचा केला. फरक इतकाच, की रेडिओचा आवाज पुन्हा वाढवता येतो.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती सांगताना मला जास्त लाज वाटते. त्या वर्षांत मी साहित्याच्या व्यासपीठांवर भाषणे करीत असे. विषय ठरलेला: मराठी संगीतात मुसलमानांचे योगदान. माहिती खोटी नव्हती. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकले. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. मिरजेला अब्दुल करीम खाँ राहिले, 1937 मध्ये वारल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले, आणि तिथले सतारमेकर आजही देशभर तंबोरे पुरवतात. हे सगळे मी छाती पुढे काढून सांगे. टाळ्या पडत. कुणी विचारले असते, ‘गुरुजी, तुमच्या घरात कोण गाते?’ तर? कुणी विचारले नाही.

पूर्वजांच्या पुण्याईवर अभिमान मिरवायचा आणि त्यांनी जे केले ते घरात होऊ द्यायचे नाही, ही चाल फक्त आपल्याच समाजात आहे असे नाही. पण आपल्याकडे तिला एक जास्तीचे निमित्त मिळते. पडद्यावरचा खाँसाहेब कारस्थानी घरातला का दाखवला, अशी तक्रार आपण करतो. तक्रार रास्त आहे, मीही करतो. मात्र त्याच चित्रपटात खाँसाहेबांची मुलगी झरीना आहे. तिच्या अंगात गाणे आहे आणि गादीचा वारस म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. त्यावर आपल्यापैकी कुणी तक्रार केल्याचे मी ऐकले नाही. तिचा बाप आपल्याला फारच ओळखीचा वाटला असावा.

आणि हे उस्तादांच्या नावावरही खपवता येत नाही. अल्लादिया खाँनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांना शिकवले. अब्दुल करीम खाँ यांची मुलगी हिराबाई बडोदेकर हिला अब्दुल वहीद खाँनी तालीम दिली. ती तिकीट लावून मैफली करू लागली तेव्हा लोकांनी नावे ठेवलीच असतील. 1970 साली तिला पद्मभूषण मिळाले. वसंतराव देशपांडे तर कुणाच्याच घराण्यातले नव्हते. मूर्तिजापूरचा हा ब्राह्मणाचा मुलगा लाहोरला असद अली खाँकडे मारवा शिकला. शिकवणाऱ्याने जात विचारली असती तर पुढे खाँसाहेबांची भूमिका करणारा तो गळा कुठून आला असता?

इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समावर एक सबंध भाग लिहिला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की गाणे दिलात नवीन काही आणून टाकत नाही, तिथे आधीपासून जे आहे ते हलवते. मी हे वाक्य भाषणात अनेकदा वापरले होते, संगीताच्या बाजूने. खामगावच्या त्या रात्रीनंतर ते मला उलटे वाचता येऊ लागले. माझ्या दिलात जे हलले ते जुने दिवस होते की गॅदरिंगच्या आदल्या रात्री न जेवता झोपलेली मुलगी? मी तिला जे उत्तर दिले ते अर्धेच होते. जुन्या आठवणींची एक सोय असते. त्यांत आपण नेहमी लहान असतो, ऐकणारे असतो. आवाज बंद करणारा दुसराच कुणीतरी असतो.

जीप वरवट बकालच्या पुढे आली होती. दोन्ही बाजूंना कपाशी, सातपुड्याकडून थंड वारा. ड्रायव्हर पुढे गप्प होता. मी म्हणालो, “बेटा, ते गाणे म्हण ना. गॅदरिंगचे.”

ती हसली. “अब्बा, आता कुठे येतेय. गळा बसला. शब्दपण विसरले.”

थोडा वेळ गेला. मग मी म्हणालो, “त्या वेळी मी चूक केली.”

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, “बाईंनी माझ्यासाठी पांढरी पट्टी लावून पेटी आणली होती. मग त्या पेटीवर दुसरीच पोरगी गायली. चांगली गायली ती.”

गावात शिरलो तेव्हा साडेबारा वाजले होते. गल्लीत कुणी जागे नव्हते. तरी जीपमधून उतरताना मी सवयीने आधी शेजाऱ्यांच्या ओट्याकडे पाहिले.