आपण बरे, आपला अभ्यास बरा?

विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या सार्वजनिक जीवनात पडावे की पडू नये, हा प्रश्न जुना आहे. आणि सरकारी नोकराच्या घरात त्याचे उत्तर बहुधा ठरलेलेच असते : आपण बरे, आपला अभ्यास बरा. आम्हां शंकर नगरातल्या बदलीच्या माणसांच्या तोंडी या उपदेशाला आणखी एक पुस्ती असते, ती ही की हे गाव आपले नव्हे, आज ना उद्या आपण येथून जाणार. हा उपदेश वात्सल्यातून येतो, यात शंका नाही. तथापि नीतीच्या कसोटीला तो उतरतो काय, हे पाहिले पाहिजे.

इतिहासातल्या विद्यार्थ्यांचे आपण कौतुकच करतो. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास निजामी अंमलाने मनाई केली. मुलांनी ती मानली नाही. संप झाला आणि त्याचे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचले. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्या वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्या विद्यापीठाचे दार उघडून दिले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या आंदोलनातलेच एक विद्यार्थी. रायपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. म्हणजे ही हकीकत आपल्या आजच्या गावालाही अगदीच परकी नाही.

या हकीकतीत दोन गोष्टी ध्यानात धरण्यासारख्या आहेत. त्या मुलांनी आपल्या म्हणण्याची किंमत स्वतः मोजली. ज्या पुढारीपणाचा भुर्दंड दुसऱ्यांना बसतो, तो पुढारीपणा नव्हे, ती केवळ हौस होय. दुसरी गोष्ट वडीलधाऱ्यांची. कुलगुरूंनी मिरवणूक काढली नाही. प्रवेश देणे हे त्यांच्या अधिकारातले काम होते, ते त्यांनी केले. आणि एका भूमिकेपायी मुलांचे सारे आयुष्य वाया जाऊ दिले नाही. आपल्यासारख्या अधिकारी व कारकून मंडळींना हा दुसरा धडाच अधिक जवळचा आहे.

यावर आपण सेवानियमांकडे बोट दाखवतो. १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांतील पाचवा नियम आपल्याला राजकीय पक्षापासून दूर ठेवतो, आणि कुटुंबीयांना शासन उलथून पाडणाऱ्या चळवळींपासून परावृत्त करण्याचे कर्तव्यही सांगतो. परंतु वसतिगृहातील पाण्यासाठी अर्ज करणे, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे असावे म्हणून सह्या गोळा करणे, छात्रसंघाच्या निवडणुकीस उभे राहणे, यांपैकी कशाने शासन उलथते? नियमाने जेवढे मागितले त्याहून अधिक आपली भीती मागते, आणि त्या भीतीला आपण शिस्त हे नाव देतो.

छात्रसंघ हे पक्षांचे आखाडे झाले आहेत, हा आक्षेप मात्र खोटा नाही. महाराष्ट्राने १९९४ च्या कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या आणि २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, यावरून प्रश्नाची अवघडता कळते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या. त्यांत उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपुरता मर्यादित केला आहे, छापील भित्तिपत्रकांना मज्जाव आहे, पंचाहत्तर टक्के हजेरीची अट आहे, आणि मागील विषय राहिलेल्यास उभे राहता येत नाही. म्हणजे अभ्यास आणि नेतृत्व यांत वैर असल्याचे त्या समितीने मानले नाही. उलट पहिल्याला दुसऱ्याची पात्रता ठरवले. या मर्यादा सर्वत्र पाळल्या जात नाहीत हे खरे, पण सुजाण घरांतील मुले दूर राहिली तर त्या पाळल्या जाव्यात असा आग्रह तरी कोण धरणार?

राहिला प्रश्न परकेपणाचा. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी मातृभाषेचे होते. या भूमीच्या सुखदुःखात ते पडले, म्हणून ही भूमी त्यांना आपले मानते. रायपूरच्या रविशंकर विद्यापीठाची स्थापना १९६४ सालची. तेथील हजेरीपटावर नाव लागले की भंडाऱ्याहून आलेला मुलगा आणि बस्तरातून आलेली मुलगी एका पंक्तीत येतात. पुढे बदल्यांच्या फेऱ्यात सापडणाऱ्या आपल्या मुलांना अशी जागा कदाचित पुन्हा मिळणार नाही. अठरा वर्षांच्या तरुणाला देशाने १९८९ पासून मताचा अधिकार दिला आहे. त्याला वसतिगृहाच्या भोजनालयाविषयीही मत असू नये, हा आग्रह विचित्र नव्हे काय?

मग मुलाला कोणता निकष द्यावा? मला वाटते, एवढाच : जी तक्रार तुझी स्वतःची नाही, ती दुसऱ्यासाठी मांडायला तू तयार आहेस काय, आणि ती मांडल्याबद्दल होणारे नुकसान सोसायला तू तयार आहेस काय? उत्तर होकारार्थी असेल तर त्याने जरूर पुढे व्हावे. आणि आपण मार्ग अडवून उभे न राहता, परीक्षेची तारीख तेवढी त्याला आठवण करून द्यावी.